घाम काय तुकाच येता?

(दृश्य: मालवणचा किनारा, रापण ओढणारी माणसं)

मे महिना. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जातेय. दोरीला लागलेल्या प्रत्येकाची पाठ भिजलेली आहे. समुद्रावरून येणारी हवाच इतकी दमट, की घाम वाळतच नाही, अंगावर राहतो. त्यामुळे इथं कुणी घामाची तक्रार केली, की उत्तर ठरलेलं असतं: "घाम काय तुकाच येता?"

(दृश्य: रेशन दुकान, अंगठ्याचं मशीन)

आता हा हात बघा. कुडाळ तालुक्यातला एक तरुण. सकाळची वेळ आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, रांगेतल्या बाकी सगळ्यांचे हात कोरडे आहेत. याचा अंगठा मात्र मशीन घेत नाही. तो पँटला पुसतो, पुन्हा ठेवतो. तेवढ्यात बोटाच्या रेषांमधून बारीक थेंब परत वर आलेले असतात.

हा उकाड्याचा घाम नव्हे. हा आजार आहे, हायपरहायड्रोसिस. तळहात, तळपाय, काखा, कधी चेहरा; दोन्ही बाजूंना सारखाच. बहुतेकांना शाळेच्या वयात सुरू होतो, बऱ्याचदा घरात आणखी कुणाला तरी असतो, आणि झोप लागली की थांबतो. म्हणूनच डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, रात्री अंथरूण भिजतं का? भिजत असेल तर थायरॉइड, क्षयरोग, मधुमेह असं काही आहे का, हे आधी तपासावं लागतं.

(दृश्य: भजन, पखवाजावरचे हात)

हा मुलगा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. अभंगाला लय चढली की हात पुडीवरून घसरतो. शेजारी पावडरचा डबा कायम उघडा. शर्ट नेहमी काळा किंवा पांढरा, कारण त्यावर काखेतले डाग कमी दिसतात. रात्री लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध त्यानं वापरून पाहिलं. काखेची आग व्हायला लागली, म्हणून सोडलं.

(दृश्य: दवाखाना, आयोडीन-स्टार्चची चाचणी)

इथं जरा थांबून बघा. काख कोरडी करून आयोडीन लावलं. वाळल्यावर वरून स्टार्चची पूड. एक ठिपका, मग दहा, मग अख्खी काख काळी-निळी. जिथं घाम, तिथं काळं. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

डॉक्टर त्या काळ्या भागावर पेनानं ठिपके काढतात, एकमेकांपासून एक ते दोन सेंटीमीटरवर. फ्रीजमधून कुपी येते. तळाशी जेमतेम दिसणारा पांढरा थर. त्यात सलाइन घालून कुपी हलक्या हातानं फिरवायची, खळखळवायची नाही. सुई केसासारखी बारीक आणि वरवर, कातडीतच टोचायची. प्रत्येक टोचणीला छोटासा फुगवटा येतो. एका काखेत ५० युनिट, दहा-पंधरा जागी वाटून. चहा गार व्हायच्या आत काम संपतं.

हेच ते बोटॉक्स, सुरकुत्यांसाठी घेतात ते. पण याची घामाशी ओळख फार जुनी. १८२० च्या सुमारास जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर खराब झालेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेच्या नोंदी ठेवत होता. तो कवीही होता. त्याच्या लक्षात आलं, की या रोग्यांचे डोळे, तोंड, त्वचा सगळं कोरडं पडतं. हे विष कधी औषध म्हणून वापरता येईल, असं त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममध्ये एका अंत्यविधीनंतर वादक मंडळी जेवायला बसली आणि हॅममधून त्यांना विषबाधा झाली. त्या हॅममधून एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं हे विष तयार करणारा जिवाणू शोधून काढला. बोटॉक्स त्याच विषापासून बनतं. अमेरिकेत हे औषध १९८९ मध्ये आधी तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मंजूर झालं. काखेतल्या तीव्र घामासाठी मंजुरी आली २००४ साली.

काम कसं करतं? घामाच्या ग्रंथीला 'सुरू हो' हा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनातून देतो. बोटॉक्स ते रसायन मज्जातंतूच्या टोकातून सुटूच देत नाही. ग्रंथी शाबूत राहते, तिला निरोप तेवढा मिळत नाही. आणि अंगावर घामाच्या ग्रंथी वीस लाखांच्या वर असतात, त्यामुळे दोन काखा कोरड्या झाल्या म्हणून शरीर तापत नाही.

(दृश्य: पाण्याच्या ट्रेमध्ये दोन्ही तळहात)

मग तळहातांना इंजेक्शन का नाही? देतात, पण तिथं दुखतं फार, मनगटाशी नस बधिर करावी लागते. शिवाय काही आठवडे चिमटीतला जोर कमी होऊ शकतो. पखवाजवाल्या बोटांना ते परवडणारं नाही. म्हणून डॉक्टरांनी हातांसाठी आयंटोफोरेसिस सुचवलं. साध्या नळाच्या पाण्यात हात आणि त्यातून सौम्य वीजप्रवाह, वीस-तीस मिनिटं. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, पुढे जमेल तसं कमी.

(दृश्य: दोन आठवड्यांनंतर, तीच चाचणी)

तीच काख, तेच आयोडीन, तीच पूड. कडेला दोन-चार काळे ठिपके, बाकी सगळं तांबूस.

खर्च हजारांत जातो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना आणि मायस्थेनियाच्या (स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना हे देत नाहीत, आणि परिणाम साधारण सहा-सात महिने टिकतो. जिल्ह्यात त्वचारोगतज्ज्ञ आहेत, सांगायला लाजू नका. या मुलानं पुढची तारीख आत्ताच ठरवलीय: तुळशीची लग्नं उरकली, की लगेच.