विश्वास कुणावर ठेवायचा? सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या

(परभणीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

व्याख्यानमालेत सहसा संतवाङ्मय असतं, मुक्तिसंग्राम असतो, नाहीतर पुरस्कार मिळालेली एखादी कादंबरी असते. मी लोकप्रिय कादंबरीकार सुहास शिरवळकरांचं नाव सुचवलं आणि ते लगेच मान्य झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा. सगळ्यात जास्त हाताळलेली, पुन्हा पुन्हा बाइंडिंग केलेली, कडेला कुणीतरी पेनानं ‘जबरदस्त’ लिहून ठेवलेली पुस्तकं बघायला मागा. त्यात सुशि, म्हणजे सुहास शिरवळकर, असणारच. आमच्या मराठी विभागात मात्र त्यांच्यावर एक तास झालेला मला आठवत नाही. पोरं बाकाखाली धरून वाचत होती आणि आम्ही फळ्यावर दुसरंच काही शिकवत होतो. हे अंतर मला कायम खटकत आलं आहे.

सुशिंचा जन्म 15 नोव्हेंबर 1948 चा. आपला भाग निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला त्यानंतर दोन महिन्यांनी. 11 जुलै 2003 ला ते गेले, तेव्हा वय अवघं चोपन्न. मधल्या काळात त्यांनी भरपूर लिहिलं, झपाट्यानं लिहिलं, आणि त्यांचा वाचक त्यांच्या मागोमाग धावत राहिला.

ते आले रहस्यकथेतून. बाबूराव अर्नाळकरांनी मराठी वाचकाला या वाटेची गोडी आधीच लावून ठेवली होती. सुशिंनी तिथे आपली माणसं उभी केली: मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी आणि अमर विश्वास. यातला अमर विश्वास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वकील आहे. पिस्तूल घेऊन पाठलाग करणाऱ्या नायकाचं काम वेगळं. वकिलाचं सगळं बोलण्यावर चालतं. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस खरं बोलतोय की नाही, तो का बोलत नाही, कुणाला वाचवतोय, हे उलटतपासणीतून बाहेर काढायचं असतं. आपल्याकडे कोर्टकचेरी कुणाला नवी नाही. बांधाचा वाद, वाटणीचा दावा, तारखेला जाऊन दिवसभर झाडाखाली बसणं, ऐनवेळी फितूर झालेला साक्षीदार, हे सगळं घराघरात माहीत आहे. सख्ख्या भावाच्या विरोधात साक्ष द्यायची वेळ आलेली माणसं या सभागृहात बसलेली असतील. म्हणून या कथा वाचताना खून कुणी केला यापेक्षा, ज्याला आपलं मानलं तो ऐनवेळी काय बोलेल, याची धाकधूक जास्त असते.

मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. सुशिंच्या रहस्यकथा एका कप्प्यात आणि प्रेमाच्या, घराच्या, मैत्रीच्या कादंबऱ्या दुसऱ्या कप्प्यात, अशी विभागणी वाचकही करतात आणि समीक्षकही. मला ती पटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: विश्वास कुणावर ठेवायचा? रहस्यकथेत तो चुकला तर जीव जातो. पुढच्या कादंबऱ्यांत तो चुकला तर माणूस जिवंत राहतो आणि सगळं आयुष्य ते घेऊन जगतो. दुसरी शिक्षा मोठी आहे, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं असं मला वाटतं. हातखंडाही तोच वापरला आहे. माहिती दडवून ठेवायची, संवाद मध्येच तोडायचा, प्रकरण अशा जागी थांबवायचं की पान उलटल्याशिवाय गत्यंतर नाही. एखादं प्रेमपात्र आपल्याशी नीट का बोलत नाही, याचा शोध ते एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखा घेतात.

आता ‘दुनियादारी’. 1982 साली आलेली ही कादंबरी. श्रेयस तळवलकर नावाचा मुलगा पुण्याच्या एस. पी. कॉलेजात येतो. मागे आईबापांचं थंड पडलेलं लग्न आहे. पुण्यात त्याला दिग्या भेटतो, डी. एस. पी. म्हणून ओळखला जाणारा, आणि त्याची कट्टा गँग. श्रेयसच्या आयुष्यात आलेल्या शिरीन आणि मीनू आहेत, बारमध्ये एकटा बसणारा एम. के. श्रोत्री आहे. काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा.

या काळापाशी मी जरा थांबणार आहे. त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? 1972 चा दुष्काळ. आपली आईबापं, आजीआजोबा खडी फोडायला जात होते, पाझर तलावांची माती वाहत होते, मिलो, म्हणजे बाहेरून आणलेली लाल ज्वारी, खात होते. 1974 ला मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, त्यात सगळ्यात पुढे कॉलेजची पोरं होती, आणि वसमतला गोळीबार झाला. म्हणजे त्या काळात इथला विद्यार्थी कट्ट्यावर बसला असेल तर मोर्चाची आखणी करायला बसला असेल. ‘दुनियादारी’त यातलं काही नाही. शेत नाही, पाऊस लांबल्याची काळजी नाही, जातीचा प्रश्न नाही, मेसचे पैसे थकल्याची लाज नाही. इतकी वेगळी दुनिया, तरी मराठवाड्याच्या पोरांनी ही कादंबरी छातीशी का धरली?

मी माझ्या विद्यार्थ्यांना हे विचारत आले. एका मुलानं दिलेलं उत्तर मला सगळ्यात खरं वाटलं. तो जिंतूर तालुक्यातला, इथे खोली करून राहणारा. म्हणाला, ‘मॅडम, बापाशी बोलता येत नाही असं पुस्तकात लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.’

आपल्याकडच्या ग्रामीण साहित्यात बाप पुष्कळ आला आहे. कष्टणारा, पिचलेला, कर्जबाजारी बाप, आणि त्याच्याबद्दल उर भरून येणारा मुलगा. ते लेखन मोलाचंच आहे. पण त्या बापावर राग येणारा, घरातल्या अबोल्यानं कोंडलेला, घर सोडून शहरात आल्यावर सुटल्यासारखं वाटलेला आणि त्याचीच पुन्हा टोचणी लागलेला मुलगा कुठे होता? तो या जिंतूरच्या विद्यार्थ्याला श्रेयसमध्ये सापडला. छत्रपती संभाजीनगरला, नांदेडला, लातूरला, पुण्याला खोली करून राहिलेल्या पोरांना ठाऊक आहे की तिथे पहिलं घर मिळतं ते खोलीतल्या दोस्ताच्या रूपानं. ताप आला तर दवाखान्यात नेणारा तोच, फीचे पैसे उसने देणारा तोच, आणि मारामारी झाली तर कारण न विचारता मध्ये पडणाराही तोच. दिग्या असा आहे. त्याच्या दांडगाईचं मी कौतुक करणार नाही, पण दिलेला शब्द तो पाळतो. सगळ्यांना दमात घेणारा हा गडी सुरेखावरच्या प्रेमाच्या बाबतीत हतबल होतो, तेव्हा वाचणारा हलतो. मनगटाच्या जोरावर मैत्री निभावता येते, प्रेमाचा निकाल मात्र पोरीच्या घरचे लावतात. हे आपल्याकडच्या पोरांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

माझी एक तक्रार आहे आणि ती मी याच प्रेमापोटी करते. सुशिंच्या पुरुषांना एकमेकांशी भांडायला, रुसायला, माफ करायला भरपूर जागा मिळते. बायकांना ती मिळत नाही. शिरीनला बुद्धी आहे, रुबाब आहे, पण तिच्या मैत्रिणींचा कट्टा कुठे आहे? मीनूच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बहुतेक श्रेयसच्या घालमेलीतूनच कळतं. माझ्या वर्गातल्या मुलींनीही ‘दुनियादारी’ वेड्यासारखी वाचली, पण त्यांना व्हायचं होतं दिग्या. यावर मी खूप विचार केला आहे. मैत्रीतलं स्वातंत्र्य त्यांना हवं होतं आणि ते पुस्तकात फक्त मुलांच्या वाट्याला आलं होतं. हा दोष एकट्या सुशिंचा नाही, त्या काळातल्या बहुतेक लोकप्रिय मराठी कादंबरीचा आहे. तरी माणसांची इतकी नेमकी नाडी सापडलेल्या लेखकाकडून माझी अपेक्षा जास्त होती.

आता सुशिंच्या ‘समांतर’ या कादंबरीबद्दल थोडक्यात. कुमार महाजन सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा शोध घेतो, कारण दोघांच्या हातावरच्या रेषा सारख्या आहेत आणि चक्रपाणीचं झालेलं आयुष्य म्हणजे कुमारचं व्हायचं आयुष्य. मांडणी संपूर्ण तपासकथेची: पत्ता काढा, माणूस गाठा, खरं काय ते वदवून घ्या. फरक इतकाच की आता अविश्वास दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःच्या उद्यावर आहे. रहस्यकथेत कमावलेलं कसब सुशि किती लांब घेऊन गेले, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

2013 ला ‘दुनियादारी’वर सिनेमा आला, 2020 ला ‘समांतर’ची वेब मालिका. त्यामुळे नवी पिढी पुन्हा पुस्तकांकडे आली, हे चांगलंच झालं. पण सिनेमा म्हणजे कादंबरी नव्हे. पडद्यावर कट्टा म्हणजे दंगा, गाणी आणि टाळ्यांचे संवाद. पुस्तकातल्या कट्ट्यावर या पोरांना एकटेपणा फार आहे, आणि तो शांतपणे वाचतानाच जाणवतो. सिनेमा पाहिलेल्यांनीही पुस्तक घरी न्यावं.

मघाशी एका मुलीनं विचारलं की सुरुवात कुठून करू. आधी अमर विश्वासची एखादी कथा घे आणि उलटतपासणीचे भाग सावकाश वाच, कोण कधी गप्प बसतं तिकडे लक्ष दे. मग ‘समांतर’. ‘दुनियादारी’ त्यानंतर. तोवर लेखक काय लपवतो आणि कुठे लपवतो याची तुझी नजर तयार झालेली असेल, मग एम. के. श्रोत्रीचं बोलणं तुला वेगळं ऐकू येईल. आणि ग्रंथपाल साहेब, अमर विश्वासच्या ज्या प्रतींची शेवटची पानं गेली आहेत, त्या या वर्षीच्या खरेदीत तेवढ्या बदलून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.