घोड्याच्या दाढेची धार

(दृश्य: सकाळचा रंकाळा. चौपाटीवर मालक घोड्याला खरारा करतोय.)

रंकाळ्यावर मुलांना फिरवणारं घोडं असो, वरातीतलं असो की शर्यतीच्या गाडीचं, कोल्हापुरात त्याच्या खुरांची काळजी कुणाला शिकवावी लागत नाही. नाल ढिली झाली की लगेच नालबंदाला बोलावणं जातं. तोंडात मात्र कुणी बघत नाही. बघितलंच तर विकत घेताना, वय ओळखायला, आणि तेही पुढचे दात. दुखणं असतं मागे, दाढांत.

वर बारा, खाली बारा दाढा. वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर त्या हिरडीतून बाहेर सरकतात आणि चघळून चघळून झिजतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद. चरताना तो जातं फिरावं तसा आडवा फिरतो. तबेल्यात आपण चंदी म्हणजे दाणा घालतो, भरडा घालतो, कुट्टी घालतो. तिथं जबडा आडवा कमी फिरतो. मग वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते. तिला धार येते. गाल आतून सोलतो.

लगाम ओढला की तोच गाल त्या धारेवर दाबला जातो. घोडं मान झटकतं, एका अंगाला वळत नाही. आपण म्हणतो, नाठाळ झालंय, आणि चाबूक उचलतो. दुखणाऱ्या तोंडाला मार मिळतो, हे बघवत नाही.

(दृश्य: गव्हाणीखालची जमीन, अगदी जवळून.)

हा बघा, लाळेनं भिजलेला कडब्याचा बोळा. चघळायला घेतला, जमलं नाही, तोंडातून टाकला. आणि ही लीद. हरभरा जसाच्या तसा, काड्या बोटभर लांब. असा जाडाभरडा चारा पोटात गेला की पोटशूळाचं भय. घोडं वाळत जातं, मालक चंदी वाढवतो, आणि वाढवलेली चंदीही लिदीत जाते.

पशुवैद्य गुंगीचं इंजेक्शन देतात, जबडा चौकटीनं उघडा ठेवतात आणि लांब दांड्याच्या कानशीनं दाढांची धारदार टोकं घासतात. टोकाला संवेदना नसते, त्यामुळं ते दुखत नाही. पण अख्खी दाढ गुळगुळीत करायची नसते; तिच्या खरबरीतपणावरच चारा दळला जातो. म्हणून हे काम हौसेनं कुणाच्याही हाती देऊ नका.

तपासणी वर्षातून एकदा. दोन ते पाच वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडत असतात, पंधराच्या पुढं दाढा हलायला लागतात. त्यांची दर सहा महिन्यांनी.

आपल्याकडं यासाठी पावसाळा बरा. चातुर्मासात वराती नसतात, रंकाळ्यावर गर्दीही कमी. घोड्याला दोन दिवस लगामाविना ठेवता येतं. दाढा घासल्या त्या दिवशी गुंगी पूर्ण उतरेपर्यंत तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, बांधू नका, वैरणही पुढं टाकू नका. अर्धवट गुंगीत घास अन्ननलिकेत अडकतो.