निळ्याचा जांभळा होतो तेव्हा: डिजिटल चित्र आणि चार शाया

मित्रहो, पडद्यावर काढलेलं चित्र छापून आलं की पहिली तक्रार बहुधा निळ्याची असते. आकाश झळझळीत निळं रंगवलेलं असतं आणि कागदावर ते जांभळट उतरतं. राग छापखान्यावर निघतो. खरं तर अनेकदा त्या निळ्याचं काय होणार, हे फाइल तयार करतानाच ठरून गेलेलं असतं. ते चित्रकाराने ठरवायचं की सॉफ्टवेअरवर सोडून द्यायचं, एवढाच आज माझा विषय आहे.

पडदा स्वतः प्रकाश फेकतो. लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळत गेला की उजेड वाढतो आणि तिन्ही पूर्ण झाले की पांढरा दिसतो. कागदाचं उलट असतं. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. सायन (हिरवट निळी) शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) हिरवा आणि पिवळी निळा. शाई जितकी चढवाल तितका उजेड कमी होतो. निळ्यासाठी सायन आणि मॅजेंटा एकावर एक चढवावी लागते, आणि खऱ्या शाया इतक्या शुद्ध नसतात. मॅजेंटा हिरव्याबरोबर निळ्या प्रकाशाचाही बराच भाग गिळते. म्हणून दोन्ही भरपूर पडल्या की रंग गडद आणि जांभळट होतो. आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा व्यवस्थेतला शुद्ध निळा (0, 0, 255) फोटोशॉपमधल्या स्वॉप या छपाईच्या प्रोफाइलने (प्रोफाइल म्हणजे काय ते पुढे येईलच) शाईच्या आकड्यांत बदलला तर सायन सुमारे 88 आणि मॅजेंटा 77 टक्के येते. दोघींत फारसं अंतर उरत नाही. निळा निळाच दिसायला हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा.

आता एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांची पद्धत, ही एकच एक रंगव्यवस्था नसते. सायन 50, मॅजेंटा 40, पिवळी 40 हे आकडे म्हणजे फक्त शाईचं प्रमाण. चकचकीत आर्ट पेपरवर ते एक रंग देतील आणि शाई पिणाऱ्या साध्या कागदावर दुसराच. साध्या कागदावर शाईचा ठिपका जास्त पसरतो, त्यामुळे मधल्या छटा काळवंडतात. प्रोफाइल म्हणजे ठरावीक कागद, शाई आणि छपाईपद्धत यांच्या जोडीतून कोणत्या आकड्याला कोणता रंग येतो, याची मोजून केलेली नोंद. फोग्रा 39 हे प्रोफाइल कोटेड, म्हणजे आर्ट पेपरसारख्या लेप दिलेल्या कागदासाठी आहे, फोग्रा 47 अनकोटेड, म्हणजे साध्या कागदासाठी. म्हणून छापखान्याला विचारायचा पहिला प्रश्न असा: प्रोफाइल कोणतं, आणि एकूण शाईची, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची मर्यादा किती? हे कळेपर्यंत सीएमवायकेत बदल करण्यात अर्थ नाही.

चित्र आरजीबीतच रंगवा. चमक दाखवणारे स्क्रीन, अ‍ॅड असे लेयर मोड (एक थर दुसऱ्यात मिसळण्याच्या पद्धती) सीएमवायकेत वेगळा निकाल देतात, म्हणून लेयर एकत्र केलेल्या प्रतीवरच शेवटी रूपांतर करा. मात्र काम चालू असताना छापखान्याचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे येतील याचा पडद्यावरचा अंदाज, अधूनमधून पाहत राहा. फोटोशॉप आणि क्रिता दोन्हींत ती सोय आहे.

सॉफ्ट प्रूफ पाहिल्यावर मन खट्टू होतं. निऑन हिरवा मावळतो, तेजस्वी नारिंगी मळतो. हे रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, ते येणारच नाहीत. प्रश्न उरतो तो त्यांच्या जागी काय ठेवायचं याचा. रूपांतराच्या पद्धतींपैकी पर्सेप्च्युअल पद्धत सगळ्याच रंगांना थोडं थोडं आत ओढते, त्यामुळे छटांमधलं नातं बरंचसं टिकतं. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक पद्धत आवाक्यातले रंग जवळपास तसेच ठेवते आणि बाहेरचे सीमेवर आणून टेकवते. मग ज्वाळेतल्या चार वेगळ्या नारिंगी छटांचा एकच सपाट पट्टा होऊ शकतो. माझं मत विचाराल तर अशा जागी स्वतः हात घाला. डोळा रंग शेजारच्या रंगाशी तोलून पाहतो. ज्वाळेभोवतीची भिंत थोडी गडद, थोडी करडी आणि निळसर करा, आणि कागदाला झेपेल तेवढाच नारिंगी पेटलेला दिसू लागेल. रंग वाढवता येत नाही तेव्हा त्याचा शेजार उतरवायचा. चित्रकलेतलं हे जुनं शहाणपण कोणत्याही रूपांतराच्या बटणात नाही.

काळ्याकडेही नीट लक्ष द्या. आरजीबीतला काळा रूपांतरात चारही शायांत विभागला जातो. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते; या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक रेषेच्या कडेला रंगीत झालर दिसते. अक्षरं आणि बारीक रेषा फक्त काळ्या शाईत, 100 टक्के ठेवा. रात्रीच्या आकाशासारख्या मोठ्या भागाला मात्र एकटी काळी शाई फिकी वाटते. तिथे सायन 60, मॅजेंटा 40, पिवळी 40, काळी 100 असं मिश्रण बरं. बेरीज 240 होते. कोटेड कागदाची मर्यादा साधारण 300च्या आसपास असते, त्यामुळे ते चालतं. वर्तमानपत्राच्या कागदावर मात्र अगदी काठावर येतं.

छापील चित्र काळोखं आलं असेल तर आधी मॉनिटरची चमक तपासा. ती बहुधा गरजेपेक्षा बरीच जास्त असते. छपाईच्या कामासाठी 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर पुरते. टेबलावरच्या इंकजेटला मात्र आरजीबी फाइलच द्या. आपल्या शायांचं गणित त्याचं सॉफ्टवेअर स्वतः करतं. आधीच सीएमवायके केलेल्या फाइलचं ते दुसऱ्यांदा रूपांतर करतं आणि रंग आणखी उतरतात.

आणि प्रूफ, म्हणजे छापखान्याचा छापील नमुना, हातात आलं की ते कोणत्याही दिव्याखाली पाहून मत देऊ नका. छपाईत 5000 केल्विनचा प्रमाण प्रकाश धरतात. तसा दिवा नसेल तर दिवसाच्या स्वच्छ उजेडात खिडकीपाशी बसा, मॉनिटर बंद ठेवा, आणि मंजुरीची सही त्यानंतरच करा.