प्रत्येक पायाचा वेगळा मोजा

नमस्कार मंडळी. मोजे विणायची कुठलीही कृती काढून बघा, शेवटी लिहिलेलं असतं: 'दुसरा मोजा असाच विणावा.' आज बोलायचं आहे ते असाच दुसरा मोजा ज्यांना चालत नाही अशा पायांबद्दल, आणि दोन्ही हात सारखे चालत नसताना मोजे विणणाऱ्यांबद्दल.

सुरुवात पोलिओपासून करू. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला २७ मार्च २०१४ रोजी. पण ज्यांना लहानपणी पोलिओ होऊन गेला ती माणसं आज चाळिशीत, पन्नाशीत, साठीत आहेत आणि रोज कामावर जातात. त्यांच्यातल्या अनेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, बारीक, बऱ्याचदा तळव्याच्या उंच कमानीचा असतो. दुकानातल्या जोडीत दोन्ही मोजे एकाच मापाचे. मोठ्या पायाच्या मापानं घेतले तर लहान पायाच्या मोज्याचा जादा भाग बोटांखाली दुमडतो आणि दिवसभर त्या घडीवर चालावं लागतं. चपला-बुटांसाठी ही माणसं दोन मापांच्या दोन जोड्या घेतात, मोज्यांचंही तेच होतं. हातविणीत हा प्रश्न गणितानं सुटतो.

आधी नमुना विणा, म्हणजे टाके मोजायला एक छोटा चौकोन. मोज्याची लोकर म्हणजे चार पदरी, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. १०० ग्रॅमच्या लडीत साधारण ४०० मीटर धागा येतो. अडीच मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके आणि ४२ फेऱ्या बसल्या असं धरू. एका पायाच्या चवड्याचा घेर २२ सेंटिमीटर. मोजा पायाला धरून राहावा म्हणून घेरातून दहा टक्के वजा करायचे: राहिले सुमारे २०, म्हणजे ६० टाके. दुसऱ्या पायाचा घेर १८, वजा करून १६.२, म्हणजे ४८ टाके. दोन्ही आकडे चारच्या पाढ्यात हवेत, कारण वरची पट्टी दोन सुलट दोन उलट येणार आहे.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. चूक होते ती उंच कमानीवर. नेहमीच्या हिशेबानं ४८ टाक्यांच्या मोज्यात टाचेची पट्टी, म्हणजे टाचेच्या मागचा सपाट भाग, २४ टाक्यांची आणि २४ ओळींची. असा मोजा उंच कमानीवर चढतच नाही, चढला तर घोट्याच्या पुढे काचतो, आणि संध्याकाळी तिथे लाल रेघ दिसते. म्हणून आणखी एक माप घ्या: फीत टाचेच्या मागच्या खालच्या टोकापासून घोट्याच्या पुढच्या घडीवरून गोल फिरवा. हे माप घेराच्या मानानं फार मोठं असेल तर पट्टीच्या ओळी वाढवा, टाके वाढवू नका. २४ टाके तसेच ठेवून ३० ओळी विणा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवला की कडेला साखळी तयार होते आणि दोन ओळींमागे एक कडी मिळते. म्हणजे दोन्ही बाजूंनी १५-१५ टाके उचलता येतील. टाच वळवून, म्हणजे पट्टीला तळव्याकडे गोल वळण देऊन झाल्यावर सुईवर १४ टाके राहतात. १४ अधिक १५ अधिक १५ अधिक पायाच्या वरच्या बाजूचे २४, एकूण ६८. तिथून परत ४८ वर यायला २० टाके कमी करायचे; एकाआड एक फेरीत दोन कमी केले तर वीस फेऱ्या लागतात. २४ ओळींच्या पट्टीत हेच काम चौदा फेऱ्यांत संपलं असतं. या जादा सहा फेऱ्यांतच कमानीला जागा मिळते.

माप संध्याकाळी घ्या. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे पाय दिवसभर खाली लोंबतात आणि सुजतात. सकाळच्या मापाचा मोजा चार वाजता आवळायला लागतो. वरची कड सैल हवी, म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, संवेदना गेलेला पाय. जुना मधुमेह, कुष्ठरोग, मणक्याची इजा, जन्मजात पाठीच्या कण्याचा दोष, कारण कुठलंही असो, त्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. तुमच्या-माझ्या पायाला मोज्यातली गाठ टोचली की आपण बूट काढतो. तो पाय मात्र त्या गाठीवर तासन् तास चालतो, आणि रात्री मोजा काढल्यावर फोड दिसतो. म्हणून अशा मोज्यात एकही गाठ नको. धागा संपला तर नवा आणि जुना धागा सात-आठ टाके एकत्र विणा, तेही पायाच्या वरच्या बाजूला, तळव्यावर कधीच नाही. चवड्याचं टोक तीन सुयांनी बंद केलं तर आतून कंगोरा उठतो; तिथे उघडे टाके उघड्या टाक्यांना दाभणानं एक-एक करून जोडा.

एक गोष्ट अनुभवी विणणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. साध्या विणीची गुळगुळीत बाजू आपण बाहेर ठेवतो, देखणी दिसते म्हणून. कातडीला लागते ती उलट टाक्यांची खडबडीत बाजू. बधिर पायासाठी मोजा उलटा करून घाला: गुळगुळीत बाजू आत, धाग्यांची टोकं बाहेर. तळवा पांढरा किंवा फिका ठेवा, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसेल. काळ्या मोज्यात जखम दोन दिवस लपून राहते. घालण्याआधी आत हात घालून बोटांनी चाचपा. आणि रफू करू नका. आपल्या पायांना रफू चालतं, इथे ते खड्यासारखंच आहे. भोक पडलेला मोजाही नको, कारण भोकाच्या कडेनं कातडी आवळली जाते. चवड्यापर्यंत उसवून तेवढा भाग नव्यानं विणा. शेवटचं, बूट तपासा. हातविणीचा मोजा जाड असतो. आधीच बेताच्या बुटात तो घातला तर मोजाच दुखापत करेल. एमसीआरच्या, म्हणजे बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी तळाच्या चपला वापरणाऱ्यांनी पट्टे सैल करून बघावेत.

पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेली असेल, तर घट्ट मोजा किंवा बुटातली घडीसुद्धा रक्तदाब एकदम चढवू शकते. जोराची डोकेदुखी, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागाला घाम, ही लक्षणं दिसली की माणसाला ताठ बसवा, मोजे-बूट-पट्टा सगळं सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

पायाला आधार देणारा प्लास्टिकचा ब्रेस वापरणाऱ्यांसाठी मोजा ब्रेसच्या आतून जातो. त्याची उंची ब्रेसच्या वर दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी, म्हणजे काठ कातडीला घासत नाही. कापलेल्या पायावर कृत्रिम पायाच्या आत घालायचा मोजा मात्र त्या पायाच्या कारागिराला विचारल्याशिवाय विणू नये. तिथे जाडी पदरांत मोजतात आणि एका पदराच्या फरकानं पाय सैल किंवा घट्ट बसतो.

लकवा झालेल्या माणसाला मोजा एका हातानं चढवावा लागतो. दुबळा पाय आधी, चांगला नंतर, काढताना उलट. दुबळा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवायचा, चांगल्या हाताचा अंगठा आणि बोटं मोज्याच्या तोंडात घालून ते फाकवायचं, आधी बोटं आत घ्यायची. मोज्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी पाच-सहा सेंटिमीटरचे फितीचे फास बाहेरून शिवा, ओढायला सोपं जातं. टाच जुळवणंच कठीण असेल, मुलाचे पाय ताठ होत असतील, तर टाच नसलेला मोजा विणा: तीन सुलट तीन उलट, आणि दर चार फेऱ्यांनी ही वीण एका टाक्यानं पुढे सरकवायची. नळी तिरकी फिरत जाते आणि टाचेवर आपोआप बसते. कसाही घातला तरी सरळ, आणि दर वेळी वेगळी जागा घासते म्हणून टिकतोही जास्त.

आता विणणाऱ्या हातांकडे येऊ. एक हात चालत नसेल तर एक सुई कशाला तरी पक्की धरवावी लागते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधत. त्यावर घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली गादी असे आणि सुईचं टोक त्या भोकात खोचलेलं. त्यांनी तो चालता-चालता विणता यावं म्हणून वापरला, पण एका हाताच्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. पट्टा नसेल तर टेबलाच्या कडेला सुताराच्या शिकंज्यात सुई बसवा, टोक चालत्या हाताकडे. सुई बांबूची घ्या. स्टीलवरून टाके घसरतात आणि सुटलेला टाका एका हातानं पकडणं फार जिकिरीचं. चार सुयांवर गोल विणताना दर वेळी सुई बदलावी लागते, म्हणून मोजा दोन सुयांवर सपाट विणा आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून बाजूनं जोडा.

कमी दिसणाऱ्यांसाठी फिकी लोकर आणि गडद सुया. केसाळ लोकर नको, तिच्यात टाका बोटाला लागत नाही. टाचेच्या कडेची साखळी नखानं मोजता येते, एक कडी म्हणजे दोन ओळी. दर दहा फेऱ्यांनी एक पातळ दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही उसवलं तरी त्या दोऱ्यावर थांबतं.

बोटांचे सांधे दुखत असतील किंवा पकड कमी असेल त्यांनी पोर्तुगीज पद्धत शिकावी. धागा मानेमागून किंवा छातीवर लावलेल्या आकड्यातून येतो, म्हणून बोटांना तो ताणून धरावा लागत नाही, अंगठ्याच्या हलक्या झटक्यानं टाका पडतो. या पद्धतीत उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सोपा जातो. मग सगळ्या फेऱ्या उलटच विणा. अशा मोज्याची खडबडीत बाजू बाहेर येते आणि गुळगुळीत आत, म्हणजे मघाशी सांगितलेला बधिर पायाचा मोजा थेट सुईवरच तयार होतो, उलटा करायला नको.

प्रत्येक पायाचं कार्ड ठेवा: तारीख, घेर, लांबी, कमानीचं माप, टाके, टाचेच्या ओळी. दोन्ही पायांचे मोजे एकाच वेगानं झिजत नाहीत. एका मोज्यापुरती लोकर शिल्लक ठेवली असेल तर कार्ड बघून फक्त झिजलेला तेवढाच नवा विणता येतो.