साच्यातली मिनिटभराची उसंत

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर टेबलावर दोन पेले आहेत. दोन्ही एकाच पोत्यातल्या दाण्यांचे, एकाच यंत्रावर, एकाच साच्यात घडवलेले. एक काचेसारखा आरपार, दुसरा दुधाळ. दोन्हींत उकळतं पाणी ओतलं, तेव्हा पहिला बघता बघता मऊ पडला, त्याची कड आत वळली आणि तो एका बाजूला कलला. दुसरा जागचा हलला नाही.

हे पेले पॉलिलॅक्टिक ॲसिडचे, म्हणजे पीएलएचे. मक्यातल्या किंवा उसातल्या साखरेपासून मिळणाऱ्या लॅक्टिक ॲसिडचे रेणू जोडून हे प्लास्टिक बनवतात. ‘विघटनशील प्लास्टिक कच्चंच असतं, गरम लागलं की वाकतं’ ही तक्रार मी कायम ऐकतो, आणि दर वेळी मला वाटतं, आधी याचा साचा किती तापवला होता ते तरी विचारा! पहिल्या पेल्याच्या वेळी साचा 25 अंश सेल्सिअसवर होता, दुसऱ्याच्या वेळी 110 अंशांवर. बाकी सगळं तेच.

वितळलेल्या पीएलएमध्ये रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. निवताना त्यांना वेळ मिळाला, तर त्या घड्या घालून शिस्तीत बसतात. यालाच स्फटिकीकरण म्हणतात. मात्र पीएलएचं हे काम फार सावकाश चालतं. त्याचा वितळणबिंदू साधारण 170 अंश. त्या खाली उतरलं की साखळ्या जुळू लागतात, 100 ते 120 अंशांच्या पट्ट्यात सर्वांत झपाट्यानं, आणि 60 अंशांच्या खाली गेलं की असतील तिथे थिजतात. थंड साच्यात हा सगळा उतार काही सेकंदांत संपतो. पेला टणक दिसतो खरा, पण आत रचना नसते, म्हणून पुन्हा 60 अंशांवर नेला की ढिला पडतो.

मग साचा तापवून ठेवावा, इतकं सोपं आहे का? नाही. नुसत्या पीएलएला नीट जमायला कित्येक मिनिटं लागतात, आणि कारखान्यात एकेका नगाचा हिशेब सेकंदांत होतो. इथे मदतीला येतं शंखजिरं, म्हणजेच टाल्क. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की खडे त्या दोऱ्यावर धरतात ना, तसे टाल्कच्या बारीक कणांवर स्फटिक धरतात. शंभर भागांत एखादा भाग टाल्क असला, तरी मिनिटांचं काम मिनिटभरात किंवा त्याच्याही आत उरकू शकतं. माझ्या दोन्ही पेल्यांत टाल्क आहे, पण थंड साच्यात त्याला काम करायला सवडच मिळाली नाही.

स्फटिक किती झाले याइतकंच ते केवढे झाले हेही बघावं लागतं. पीएचबी नावाचं दुसरं एक जैविक प्लास्टिक आहे. जिवाणू आपल्या पेशीत चरबीसारखं साठवतात ते हे, मॉरिस लेमवान यांनी 1926 मध्ये ओळखलेलं. त्याची पातळ चकती ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरा, स्फटिकांची गोल गोल फुलं दिसतात, प्रत्येकावर काळी फुली. बघत राहावंसं वाटतं. पण स्फटिक धरायला टाल्कसारखे कण थोडे असले की ही फुलं भलतीच मोठी होतात, त्यांच्यात चिरा पडतात आणि वस्तू तिथेच तडकते. शिवाय पीएचबीच्या साखळ्या खोलीच्या तापमानालाही पुरत्या थिजत नाहीत. फडताळात ठेवलेल्या वस्तूत स्फटिकीकरण चालूच राहतं आणि ती काही आठवड्यांत ठिसूळ होते.

पातळ फिल्मची गोष्ट आणखी वेगळी. पीएलएची साधी फिल्म ओढली, तर लांबीच्या जेमतेम पाच टक्के ताणून तुटते. तीच 60 अंशांच्या जरा वर तापवून उभी-आडवी तिप्पट ताणली, की साखळ्या ओढीच्या दिशेनं लागतात आणि घडी घातली तरी फिल्म फाटत नाही. मग ताण तसाच धरून तिला आणखी गरम हवेतून न्यायचं, नाहीतर पुढे ऊन लागलं की आक्रसलीच समजा.

या सगळ्याच्या आधीची पायरी मात्र दाणे सुकवण्याची, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. दाण्यांतला ओलावा 0.025 टक्क्यांच्या खाली हवा. 200 अंशांच्या आसपास वितळवताना उरलेलं पाणी साखळ्या कापत जातं. मी एकदा दोन दिवस साच्याचं तापमान वरखाली करत बसलो होतो. नग काही केल्या तुटायचे थांबेनात. दोष निघाला रात्रभर उघड्या राहिलेल्या पोत्यात. तुटलेली साखळी नंतर साचा कितीही तापवला तरी सांधत नाही.

आता एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पाणी आधी शिरतं ते विस्कळीत भागात, घट्ट बसलेल्या स्फटिकांत त्याला वाट काढायला वेळ लागतो. म्हणजे दुधाळ पेला खतात मिसळायलाही जास्त दिवस घेणार. पीएलएला त्यासाठी औद्योगिक कंपोस्टातली 58 अंशांच्या आसपासची ऊब लागतेच. त्यामुळे गार पेयासाठी पेला करायचा असेल, तर मी साचा तापवणार नाही, तो आरपार पेलाच द्यावा. उकळत्या पाण्यासाठी मात्र तिथेच थांबायचं, 110 अंशांवर, ते मिनिटभर.