सीबीसीच्या कागदावर काय वाचायचं?

मंडळी, २०२१च्या एप्रिलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माझ्या मोबाईलवर सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टचे फोटो येत होते. त्यातला एक अजून डोळ्यांपुढे आहे. कोविडचा सहावा दिवस, पांढऱ्या पेशी ६,०००. मुलानं लिहिलं होतं, ‘डॉक्टर, पेशी नॉर्मल आहेत, बाबांना घरीच ठेवू ना?’

एकूण आकडा नॉर्मल होता, खरंय. पण त्याच्या खालच्या ओळी बघा. पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार: न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १०. म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट सहा हजारांत जेमतेम सहाशे. मोठ्या माणसात त्या हजाराच्या वर हव्यात. आता ८४ला १०नं भागा, ८.४. निरोगी माणसात हा भागाकार साधारण एक ते तीनच्या आसपास असतो. यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही की जास्तीचे पैसे मोजावे लागत नाहीत. तालुक्याच्या लॅबमधल्या साध्या सीबीसीत हे दोन्ही आकडे असतातच. मी बाबांना बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं घरातच चालायला सांगितलं. ऑक्सिजन ९५वरून ८९वर आला. रात्रीच भरती केलं.

म्हणून हा भागाकार मला जवळचा वाटतो. पण तो फसवतोही. स्टिरॉइड सुरू झालं की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मग आकडा आजाराचा की गोळीचा, हे कळत नाही. त्या लाटेत कित्येकांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, ऑक्सिजन चांगला असताना, स्टिरॉइड घेतलं होतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषधांच्या चाचणीनं २०२०मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, इतरांना नाही. म्हणून रिपोर्ट हातात घेतला की माझा पहिला प्रश्न असतो: रक्त गोळीआधी दिलं की नंतर?

सीआरपीचं, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचं, एकच सांगतो. एकक बघा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या लॅबचा ६० आणि दुसरीचा ६ एकच! काल ६० होता, आज ६ आला म्हणून घरात पेढे वाटू नका. सीआरपी शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा करा आणि चढतोय की उतरतोय ते बघा.

ब्रिटनमध्ये २६० रुग्णालयांतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ‘फोर सी’ नावाची गुणपद्धत तयार झाली. भरती झालेल्या कोविड रुग्णाला मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज ती देते. तिच्यात आठ गोष्टी आहेत, आणि रक्ताच्या त्यातल्या दोनच: युरिया आणि सीआरपी. बाकी वय, स्त्री की पुरुष, जुने आजार, पेशंट कितपत शुद्धीवर आहे, ऑक्सिजन आणि श्वासाचा वेग. श्वास मोजायला घड्याळ पुरतं. पेशंटला न सांगता, पूर्ण एक मिनिट, छातीकडे बघत मोजा.