खिडकी बाराला बंद होते

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

'अफूजन्य व्यसनांवरील उपचार आणि राज्याचे धोरण' असा भारदस्त विषय पत्रिकेवर छापलेला असला तरी मी सुरुवात एका खिडकीपासून करणार आहे, कारण सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचाराचे काम करताना माझे असे मत झाले आहे की धोरण मंत्रालयात ठरत असले तरी रुग्णाच्या वाट्याला येते ते औषधाच्या खिडकीवरच्या वेळेच्या पाटीएवढेच.

मुंबईत ब्राउन शुगरला, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या अशुद्ध हेरॉइनला, 'गर्द' म्हणतात आणि ती घेणाऱ्याला 'गर्दुल्ला'. मी ज्याच्याविषयी सांगणार आहे तो मात्र पुलाखाली राहत नव्हता. गोवंडीला बायकोमुलांबरोबर राहून तो वाशीच्या घाऊक बाजारात हमाली करायचा आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे गर्दऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधाच्या, गोळीसाठी रोज आमच्याकडे यायचा. ही गोळी गिळली तर बरीचशी यकृतातच वाया जाते, म्हणून ती जिभेखाली ठेवून पाच-दहा मिनिटे परिचारिकेसमोर मुकाट्याने बसावे लागते. (हीच अट वक्त्यांनाही लावावी, असे माझ्या पत्नीचे मत आहे.) गर्दचा अंमल काही तासांत उतरतो, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास, सुरू होते आणि उरलेला दिवस पुढच्या पुडीच्या तजविजीत जातो, गोळीचा परिणाम मात्र दिवसभर टिकत असल्याने माणूस ओझी उचलू शकतो. 'एक नशा सोडवून दुसरी लावता काय?' असे मला प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतो, आणि विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा चुन्याची डबी असते. आज कृपया हात वर करू नका.

तर खिडकी नऊला उघडायची आणि बाराला बंद व्हायची. बाजारात माल पहाटे उतरतो, त्यानंतर मुकादमाकडचा हिशेब आणि मग हार्बरची गाडी. एके दिवशी हा गृहस्थ बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचला, तेव्हा कपाटाला कुलूप लागले होते आणि नोंदवही मिटली होती. संध्याकाळी त्याने पुडी घेतली. असे तीनदा घडल्यावर केसपेपरवर शेरा पडला, 'रुग्ण उपचारास सहकार्य करीत नाही', आणि त्याखाली सही माझी होती. पुढच्या आठवड्यात त्याची बायको तो कागद घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्यांनी काम सोडलं म्हणजे सहकार्य होणार का?" मी तिला नियम समजावून सांगितला, याची मला आजही लाज वाटते.

चिठ्ठी आली आहे, त्यामुळे धोरण आता पाच मिनिटांत उरकावे लागेल. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 77 लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या वापरासाठी मदतीची गरज आहे. आपण मात्र अजूनही व्यसनमुक्ती केंद्रांतल्या खाटा मोजतो. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांविषयी मला आदरच आहे, परंतु केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाच्या शरीराची गर्द पचवण्याची सवय मोडलेली असते आणि त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला पुढे औषध मिळत राहणे आवश्यक असते. फ्रान्सने 1990च्या दशकाच्या मध्यास साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहून देण्याची मुभा दिली आणि पुढील काही वर्षांत अतिसेवनाने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. पंजाबने 2017 साली याच उपचारासाठी बाह्यरुग्ण चिकित्सालये उघडली. आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थ कायद्यात, कलम 64-अ अन्वये, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही मर्यादेत खटल्यापासून संरक्षण आहे, आणि 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केला आहे. म्हणजे कायद्याचा पाया आहे. हवी आहे ती पालिकेच्या दवाखान्यांत सायंकाळची वेळ, प्रशिक्षित डॉक्टर आणि स्थिरावलेल्या रुग्णाला काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा.

गोळ्या बाजारात विकल्या जातील, हा आक्षेप पुसून टाकण्याजोगा नाही. त्यासाठीच नॅलॉक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारे औषध मिसळलेली गोळी वापरतात. जिभेखाली नॅलॉक्सोन फारसे शोषले जात नाही, पण गोळी विरघळवून शिरेत टोचली तर टर्की ओढवू शकते. तरीही थोडी गळती होईलच. तिचा हिशेब ठेवावा, पण त्याच वहीत बारा वाजून दहा मिनिटांनी परत पाठवलेल्यांचीही नोंद असावी. अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा मी बसतो.